पूल जरूर बांधा, पण धक्के राहू द्या

प्रति,
रेवस ते रेडी सागरी महामार्गाचा आराखडा करणारे अभियंते, अधिकारी आणि त्यावर शेवटची सही करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी महामार्गाच्या विरोधात लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. कोकण आणि रस्ता हे दोन शब्द एका वाक्यात आले की वाचणारा लगेच बाह्या सरसावतो, म्हणून ही खबरदारी. माझं म्हणणं लहानसं आहे. दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांवर पूल झाले तरी खाली पाण्यातून पलीकडे नेणारी बोट चालू राहू दे, आणि वरच्या पुलावरून माणसाला पायी जाता येऊ दे. इतकंच मागायला एवढं लांबलचक पत्र कशाला, असं वाटेल. पण नुसतं मागितलं तर 'प्रस्ताव तपासून पाहू' असं उत्तर येतं, म्हणून कारणं सांगतोय.

हा रस्ता बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून कोकणी माणसाच्या कानावर आहे. ते मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२. त्यांच्या स्वप्नातला रस्ता समुद्राला धरून जाणारा होता आणि वाटेतली प्रत्येक खाडी त्याला ओलांडायची होती. घोडं तिथेच पेंड खात राहिलं. मधल्या काळात २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण निघालं. पण हे दोन्ही मार्ग किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या अंगाने जातात. समुद्राकाठचं गाव अजूनही फाट्यावरून आत आलेल्या रस्त्याच्या टोकाला. हरणैहून गुहागरला जायचं तर नकाशावर वीतभर अंतर, आणि खाडी टाळून गाडीने जायचं म्हटलं की चिपळूणचा वळसा.

त्याआधी समुद्र हाच रस्ता होता. मुंबईहून सुटलेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत खाली जायची. बऱ्याच ठिकाणी ती काठाला लागायचीच नाही. खोल पाण्यात उभी राहायची, पडाव जाऊन माणसं आणि ट्रंका उतरवून घ्यायचे, शेवटचं गुडघाभर पाणी ज्याचं त्याने तुडवायचं. धक्का हा गावाचा पुढचा दरवाजा होता. एसटी आली आणि त्याचं मागचं दार झालं. आता तुमच्या हाती आहे ते हे मागचं दार बुजवायचं की उघडं ठेवायचं.

या मे महिन्यात आम्ही घरची सगळी मंडळी आंजर्ल्याहून निघून दिवसभरात रत्नागिरी गाठायची, असं ठरवून बाहेर पडलो. आई, आत्या, आम्ही भावंडं, पोरंबाळं, दोन गाड्या. आईचं माहेर दापोली तालुक्यातलं, सासर गुहागर तालुक्यातलं. तिला तिची जुनी ठिकाणं एकदा सलग बघायची होती. 'तुकड्यातुकड्याने नको, एका दमात न्या,' हा तिचा हट्ट.

दिवसाची आखणी आत्याने केली, तीही मोबाईलला हात न लावता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. त्या दिवशी तृतीया. तीनची पाऊणपट म्हणजे सव्वादोन, म्हणजे पाणी दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरणार आणि सकाळी आठला सुकतीवर असणार. 'तर मग आधी हरणै आणि मुरूडची पुळण, तेव्हा वाळू घट्ट मिळेल. हेदवीला दोनच्या आत पोचा, नाहीतर बामणघळ बघण्यात अर्थ नाही. मध्ये काय करायचं ते तुम्ही ठरवा.' झाली आखणी. अष्टमीला हाच हिशेब सहा वाजवतो, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. दहापाच मिनिटं इकडेतिकडे होतात, पण पुळणीवर उतरायचं की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं.

हरणैला सुवर्णदुर्ग समोर होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला हा एक. पाण्यातल्या या किल्ल्यावर जायला आजही बोटीशिवाय पर्याय नाही, आणि पुढेही नसेल. म्हणजे जगाला दाखवायचा वारसाच आपण अशा जागी उभा केलाय जिथे नाव लागते, नावाडी लागतो, चढाय-उतरायला धक्का लागतो. किनाऱ्यावरची ही विद्या एका किल्ल्यापुरती शिल्लक ठेवता येत नाही. ती रोजच्या येण्याजाण्यात असली तरच पोटाला लागते आणि टिकते.

हरणै आणि आंजर्ल्याच्या मध्ये जोग नदीची खाडी आहे. तिच्यावर पूल नव्हता तेव्हा पाजपंढरीकडून होडीने पलीकडे जायचं. पूल झाला, सगळ्यांची सोय झाली, आणि होडीला गिऱ्हाईक उरलं नाही. कुणी ती मुद्दाम बंद पाडली नाही. पुलाच्या अंदाजपत्रकात होडीचं काय करायचं याला रकानाच नव्हता, एवढंच. दाभोळला आणि जयगडच्या खाडीकाठच्या तवसाळला नेमकं हेच होईल अशी माझी भीती आहे, आणि म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर लिहिण्यात काही हशील नाही.

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे होती. तिला आमच्याकडे सगळे जंगलजेटीच म्हणतात. ती आली, पुढची लोखंडी फळी साखळ्यांवर खडखडत खाली बसली, आणि गाड्या उलट्या घालायचा कार्यक्रम सुरू झाला. खलाशी हाताने खुणा करतोय, 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!' हे 'बास' बोनेटपासून चार बोटांवर येतं. आमच्या पुढे आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो होता, दुचाकीवर गॅसची शेगडी बांधून निघालेला एकजण, टोपल्या घेतलेल्या मासेवाल्या बायका. बोट सुटली की सगळे गाडीतून बाहेर येतात. हे लक्षात घ्या. इथे माणसाला गाडीबाहेर यावंसं वाटतं, आणि यायला जागाही असते.

मागे दाभोळच्या जुन्या मशिदीचा घुमट लहान होत गेला, समुद्राच्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड दिसायला लागला. आई कठड्याला धरून उभी होती. तिचं लग्न माहेरी लागलं आणि वऱ्हाड इथूनच होडीने सासरी परतलं. विहिणी एका बाजूला बसल्या, नवरी आणि पाठराखीण दुसऱ्या बाजूला. होडी कलली. तांडेल ओरडला, 'वजन सारखं करा!' कुणी हलेना. शेवटी त्यानेच नवरीला उठवून दुसऱ्या फळीवर नवरदेवाच्या शेजारी नेऊन बसवलं. त्या काळी चारचौघांत नवऱ्याला लागून बसणं म्हणजे काय, हे आईच्या तोंडूनच ऐकायला हवं. 'घरात पाऊल टाकायच्या आधीच सासूबाईंच्या कपाळावर आठी,' ती म्हणाली. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. नातीने विचारलं, 'आजी, हे कुठे झालं?' आईने बोट दाखवलं ते पाण्याकडे. 'इथेच कुठेतरी. त्या गडाच्या जरा अलीकडे.'

पुलावरून गाडीतून जाताना ही गोष्ट तिने सांगितली असती का? कदाचित सांगितलीही असती. पण वाक्य पुरं होईपर्यंत गाडी पलीकडच्या धोपाव्याच्या पुढे गेलेली असती.

आता दुसरी बाजू, कारण ती मला गुहागरला जेवणाच्या पाटावरच ऐकायला मिळाली. चुलतभाऊ तिथेच राहतो. माझं खाडीपुराण ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुला वर्षातून एकदा बोटीत उभं राहून फोटो काढायचेत. आमच्याकडे रात्री कुणाला साप चावला, बाईला कळा सुरू झाल्या, की शेवटची फेरी निघून गेलेली असते. मग चिपळूण गाठ. वाऱ्यापावसात बोट सुटेल की नाही त्याची खात्री नाही. आंबा दोन तास धक्क्यावर तापतो. तुझ्या आठवणींसाठी आम्ही किती वर्षं थांबायचं?' यावर बोलायला मला जागा नव्हती. त्याचं खरंच आहे. पूल व्हायलाच हवेत, आणि लवकर व्हायला हवेत. किनाऱ्यावरच्या माणसाला दवाखाना, कॉलेज आणि बाजार जवळ यावा म्हणूनच हा खर्च आहे. आमच्यासारख्या मे महिन्यातल्या पाहुण्यांसाठी तो नाही आणि नसावा.

पण त्याच भावाला मी विचारलं, पूल झाल्यावर धोपाव्याचा म्हातारा कोळी दाभोळला लेकीकडे कसा जाणार? पुलाची दोन्ही टोकं गावांपासून लांब, चढावर. त्याच्याकडे गाडी नाही. तो आत्ता धक्क्यावर येतो, बोटीत बसतो, पलीकडे उतरून बाजारातून चालत जातो. भाऊ म्हणाला, 'ते मात्र आहे.' दुचाकी-चारचाकीवाल्यांनी पाठ फिरवली की फेरीबोटीचा धंदा बसणार, आणि त्या धक्क्याने चालत जाणाऱ्याची वाटही बंद होणार. मला मोठी जंगलजेटी नको. माणसं आणि सायकली नेणारी एक साधी लाँच, सकाळ-संध्याकाळ नेमाने, बाजाराच्या दिवशी दुपारीही. तोट्यात चालेल, मान्य. वाडीवस्तीची एसटी तरी कुठे फायद्यात चालते? आणि रस्ता असताना लोक बोटीत बसत नाहीत असंही नाही. मुंबईहून अलिबागला डांबरी रस्ता आहेच, तरी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो सुरू झाली आणि लोकांनी ती उचलून धरली. जे मुंबईकराला मिळतं ते दाभोळच्या माणसाला लहान मापात मिळायला हरकत कोणती?

पुलावर पायवाट हवी तीही याचसाठी. फूटभर उंचीचा कठडा आणि त्यावरून तोल सांभाळत जाणारी बाई, अशी पायवाट नको. दोन माणसं शेजारून जाऊ शकतील, गाड्यांपासून आडोसा असेल आणि मधोमध चार जण थांबू शकतील अशी हवी. पुलावर थांबायला जागा ठेवली नाही तर लोक थांबत नाहीत असं होत नाही, ते भलत्याच ठिकाणी थांबतात. त्याचा दाखला बघायला लांब जायला नको, गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेच्या वळणावर सूर्यास्ताला उभे राहा. कोकणात समुद्राला इतका खेटून जाणारा, इतका देखणा रस्ता दुसरा दाखवणं कठीण. आणि त्याच वळणावर अर्धा रस्ता अडवून गाड्या उभ्या, दारं उघडी, पोरं धावतायत. थांबणाऱ्यांना शिस्त नाही हे खरंच, आम्ही पर्यटक मंडळी पुळणीवर गाड्या घालून रुतवून घेण्यातही पटाईत आहोत. पण जिथे प्रत्येकाला थांबावंसं वाटणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, तिथे थांब्याची जागा आखणं हे रस्ता आखणाऱ्याचं काम आहे.

उलटा अनुभवही त्याच दिवशी आला. एका घाटीच्या उतारावर, जिथे पूर्वी एसटी पाणी प्यायला थांबायची, तिथे आईला उतरायचं होतं. वडाखाली कट्टा होता आणि तिथून पहिल्यांदा समुद्र दिसायचा. रस्ता रुंद झालाय, दोन्ही अंगांनी पत्र्याचा कठडा, वड नाही, कट्टा नाही, थांबायला हातभर जागा नाही. मागून डंपर भोंगे वाजवत होता. आम्ही न थांबता पुढे गेलो. आई म्हणाली, 'असू दे,' आणि पुढे बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या एका थांब्यावर स्वच्छतागृह होतं, नवंकोरं, कुलूप लावलेलं. चावी कुणाकडे ते चहावाल्यालाही ठाऊक नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला घेऊन भर मेच्या उन्हात फिरणाऱ्याला विचारा, या चावीची किंमत काय असते.

तर थांबे आखताना तीनच गोष्टी बघा: सावली, पाणी आणि चावी. सावलीसाठी शोभेची झाडं नकोत. खाऱ्या वाऱ्याला टिकणारी उंडी, करंज, भेंड, वड अशी आपली झाडं आहेत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावून उत्पन्न सुरू व्हायला वर्षं जातात. तेव्हा आधी तोडून मग लावू, हा हिशेब इथे करू नका. चावी ग्रामपंचायतीकडे द्या, वापराचे पैसे घेऊ द्या. आम्ही आनंदाने देऊ.

हेदवीला आम्ही दोनच्या आधी पोचलो. बामणघळ म्हणजे काळ्या कातळाला पडलेली एक चिंचोळी भेग. लाट आत शिरते, पुढे जागा संपते, आणि अडलेलं पाणी सरळ वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते, 'हेच का ते?' म्हणत माणसं परत जातात. भरतीला गेलात तर कडेला उभं राहण्यात जिवाचा धोका आहे. आत्याने पोरांना खडकाच्या ओल्या भागापासून दहा पावलं मागे उभं केलं. का, तर जिथपर्यंत कातळ ओला तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं आणि पुन्हा येणार असतं. आमच्या शेजारी एक कुटुंब नेमकं त्या ओल्यावर उभं होतं. आत्याच त्यांच्यावर ओरडली, ते हलले, आणि पुढची लाट तिथूनच गेली.

प्रत्येक कुटुंबाबरोबर आत्या नसते. म्हणून आणखी एक मागणी, अगदी स्वस्तातली. तुमच्या महामार्गावरून पुळणीकडे जो जो फाटा उतरेल, त्याच्या तोंडाशी एक फळा लावा आणि त्यावर रोज खडूने लिहा: आजची भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता, आज उधाण आहे की भांग, म्हणजे पाणी जास्त चढणार की कमी. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कायमचा रंगवलेला फलक कामाचा नाही. गावातला कुणीही कोळी हे लिहून देईल. 'पोहण्यास सक्त मनाई' हा फलक कुणी वाचत नाही. 'आज दोन वाजता पाणी भरणार' हे मात्र बाप वाचेल आणि मुलाला बाहेर बोलावेल.

संध्याकाळी तवसाळहून जयगडला उतरलो. शास्त्री नदीची ही खाडी दाभोळइतकी गजबजलेली नाही. पलीकडे एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला मोठ्या जहाजांचं बंदर आणि वीजप्रकल्प, आणि मधून आमची बोट. पुढे मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी आत्याला थांबायचंच होतं, तिथे थांबलो.

गावातल्या रस्त्याबद्दल एकच. आंजर्ल्याला, हेदवीच्या आसपास, रस्ता जांभ्याच्या गडग्यांमधून जातो. समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचं, ही रीत आहे. तिथे रुंदीकरण म्हणजे गडगा, त्यामागची विहीर आणि चार पोफळी जाणार. वळणरस्ता गावाबाहेरून काढाल तर हे वाचेल, आणि तो काढाच. मात्र फाट्यावर गावाचं नाव ठळक लिहा, आत देऊळ आहे, पुळण आहे, घरगुती जेवण मिळतं हेही लिहा, नाहीतर वळणरस्त्याने गाव वाचेल आणि गावातली खानावळ मरेल.

शेवटी सुनावणीविषयी. या पुलांसाठी लोकांचं म्हणणं ऐकायचं असेल तर ते तालुक्याच्या गावी, कचेरीच्या सभागृहात, कामाच्या वारी सकाळी अकराला ठेवू नका. दाभोळला आणि तवसाळला, धक्क्यावर या. मे महिन्यात या, म्हणजे मुंबईचे चाकरमानीही गावी असतात, आणि मेअखेरीस समुद्र खवळायच्या आत या. येताना एकदा फेरीबोटीने पलीकडे जाऊन परत या आणि कोण कोण चढतं-उतरतं ते लिहून घ्या. भावाने मंडपाचं आणि पाण्याचं कबूल केलंय. खुर्च्या देवळातून आणू. तारीख तेवढी कळवा, आणि ती कुठल्या तिथीला येते ते आत्याला विचारून मग नक्की करा, म्हणजे पाणी भरलेलं असेल आणि तुमची गाडी बोटीवर सहज चढेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा एक प्रवासी